काचेच्या कपाटातील वीर

कस्तुरबा गांधी मार्गावरील कचेरीत आमच्या टेबलावर बरेच दिवस एक वीतभर उंचीचा माणूस मरत उभा होता. दगडी खांबाला त्याने स्वतःला बांधून घेतले आहे, मान एका बाजूस कलली आहे, खांद्यावर एक काळा पक्षी बसला आहे. आयर्लंडच्या पुराणकथांतला हा कूखुलिन नावाचा योद्धा. आमचे एक वरिष्ठ अधिकारी डब्लिनला जाऊन आले तेव्हा त्यांनी ही मूर्ती आणली आणि बदली होऊन जाताना आम्हांस दिली. पुराणातले योद्धे, इतिहासातले राजे आणि अलीकडचे लेखक तिकडे एकाच मापाचे होऊन शेजारीशेजारी विकावयास असतात, असे ते सांगत. आम्ही या योद्ध्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून करीत असू.

पुढे कुतूहलाने त्याची कथा वाचली. राणी मेव्हच्या सैन्यापुढे अल्स्टरचा हा तरुण नदीच्या उतारावर एकटा उभा राहिला. मराठी वाचकास येथे १६६० मधली घोडखिंड आणि बाजीप्रभू आठवल्यावाचून राहणार नाहीत. पुढे अंतकाळी, मरण यावे ते उभ्यानेच, म्हणून त्याने स्वतःला दगडाशी बांधून घेतले. तो मेला असे पाहूनही शत्रू जवळ जाईनात. पक्षी खांद्यावर येऊन बसला तेव्हाच त्यांची खात्री पटली. (आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेला तृप्त झाला असे मानतात; तिकडचा कावळा निराळ्या कामाचा.) ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने घडविलेली त्याची कांस्यमूर्ती १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून १९३५ साली डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत बसविण्यात आली. तो उठाव एप्रिल १९१६ मधला. त्याच महिन्यात लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली, आणि 'होमरूल' हा शब्दही आयर्लंडमधूनच आलेला होता.

असा माणूस आमच्या टेबलावर रजेच्या अर्जांचे वजन सांभाळीत होता. यात काही अनुचित आहे काय, हा प्रश्न आम्हांस पडला, आणि तो वाटला तितका सोपा निघाला नाही.

ज्या रस्त्यावर आमची कचेरी आहे तो पूर्वीचा कर्झन रोड. बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव पुसले गेले आणि १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव आले. रस्ता जेथे संपतो तेथे इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली पाचवा जॉर्ज उभा असे. त्याला १९६८ साली हलविले, आणि २०२२ पासून तेथे नेताजींचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आहे. अशा पुतळ्यांचे जे काही बरेवाईट ते राज्यकर्त्यांचे. कारकुनाला कोणी विचारीत नाही. वीतभर मूर्ती मात्र आपण आपल्या पगारातून घेतो आणि आपल्या घरात ठेवतो. तिचे उत्तरही आपणच दिले पाहिजे.

आमच्या घरी काचेचे एक कपाट आहे. त्यात अश्वारूढ शिवाजी महाराज, विवेकानंद आणि टिळकांचा अर्धपुतळा. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका नेमणुकीवर असताना, एक फाइल गहाळ झाली आणि एका हंगामी शिपायाकडून खुलासा मागविण्यात आला. ती फाइल कोणाच्या खोलीत गेली आणि परत आली नाही हे आम्हांस ठाऊक होते. आम्हांस कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. पुढल्या महिन्यापासून तो शिपाई दिसेनासा झाला. दिवाळीची झाडलोट चालू होती. त्या संध्याकाळी टिळकांची पगडी पुसताना आमचा हात थांबला.

मूर्तीमुळे आदर्शाचे स्मरण राहते असे म्हणतात. आम्हांस स्मरण झाले हे खरे, परंतु सारे होऊन गेल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षे त्या कपाटाने नेमके उलटे काम केले होते. लोकमान्य आपल्या घरी आहेत, तेव्हा त्यांचे जे देणे ते दिले गेले, अशी एक समजूत आमच्या मनात नकळत बसली होती.

यावरून मूर्ती बाळगणेच चूक, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरास दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या लहान मूर्ती विकल्या जातात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांच्या घरात ती मूर्ती म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. आणि घेणाऱ्यांच्या दुसऱ्या हातात बहुधा पुस्तकांची पिशवी असते. देवघरातल्या मूर्तीचेही तसेच. तिला रोज स्नान हवे, नैवेद्य हवा. गावाला जायचे तर शेजाऱ्याला सांगून जावे लागते. गणपती येतो तो जाण्याचा दिवस ठरवूनच. काचेच्या कपाटातला वीर तेवढा काहीच मागत नाही. त्याला महिन्यातून एकदा फडके पुरते.

किल्ल्यावरच्या मावळ्यांची गोष्ट निराळी. आमच्या बाल्कनीत दर दिवाळीला विटा, पोत्याचे तुकडे आणि कुंड्यांतली माती यांचा किल्ला होतो. त्यावर अळीव उगवते, आणि पुण्याहून आत्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पाठविलेले मावळे चढतात. महाराज बुरुजाहून मोठे, तोफेपेक्षा कोंबडा मोठा. पण त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. मुले त्यांना उचलतात, पाडतात, लढवितात. भाऊबीज होईपर्यंत दोघातिघांचे हात गेलेले असतात. ते मावळे कामी आलेले असतात.

गेल्या दिवाळीत आम्ही कूखुलिनला कचेरीतून घरी आणले. त्याची कथा ऐकून आमच्या कन्येने त्याला दोन विटांमधल्या खिंडीत उभे केले. शेजारच्या पंजाबी मुलाने हा कोण म्हणून विचारले, तेव्हा "बाजीप्रभूंच्या मदतीला आलाय" असे तिने सांगितले. चौथ्या दिवशी किल्ला मोडताना पाहतो तो त्याच्या खांद्यावरचा पक्षी तुटून मातीत पडलेला. साहेबांची भेट खराब झाली म्हणून आम्ही हळहळलो आणि डिंकाची बाटली शोधू लागलो.

"बाबा, पक्षी नकोच चिकटवू," ती म्हणाली. "तो नसला तर हा अजून मेलेला नाही ना?"

आम्ही बाटली परत ठेवली. त्या शिपायाचे नाव आमच्या लक्षात आहे. पत्ता जुन्या सहकाऱ्यांना विचारून पाहत आहोत.