दूध उत्पादकाचे देणे

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि ऑक्टोबरपासून सात रुपये अनुदान दिले. गाईच्या कानात बिल्ला, तिची ऑनलाइन नोंद, आधारला जोडलेले बँक खाते आणि दूध संघाने भरलेली माहिती, इतके सगळे जुळले तरच पैसे जमा होणार होते. या अनुदानाची बाजू घेणारे त्याला सरकारची मदत म्हणतात, विरोधक त्याला खैरात म्हणतात. देणारा वर आणि घेणारा खाली, हे मात्र दोघांनाही मान्य असते. आपल्याच धर्मविचाराला ही मांडणी पटणारी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायानुसार सात्त्विक दान उपकार न केलेल्याला, परतफेडीची आशा न धरता द्यायचे असते. ज्याने आधीच आपल्याला काही दिले आहे, त्याला दिलेले या व्याख्येत बसतच नाही. ती ऋणाची फेड होते. शतपथ ब्राह्मणाने तर देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर माणसांचे ऋणही जन्मजात मानले आहे आणि आसरा व अन्न देऊन ते फेडायला सांगितले आहे. दान करणारा अटी घालू शकतो, हात आखडता घेऊ शकतो. ऋणकोला ती मुभा नसते.

पण इथे ऋण आहे कुठे, असे कोणी विचारील. शेतकऱ्याने संकरित गाय स्वखुशीने घेतली, दूध विकले, पैसे घेतले; व्यवहार मिटला. दूध साठवून भावाची वाट पाहता आली असती, तर हे म्हणणे मी मान्य केले असते. दोन्ही वेळची धार त्याच दिवशी डेअरीत घालावी लागते, आणि भुकटीचा भाव पडला की तोटा थेट गोठ्यापर्यंत येतो. त्याहून मोठे ऋण कायद्याने निर्माण केले आहे. राज्यात गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती; 2015 पासून वळू आणि बैलही त्या बंदीत आले. बंदीमागची श्रद्धा मला खोटी वाटत नाही. मात्र ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला शेतात काम उरले नाही, आणि त्याला व दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाईला वर्षानुवर्षे वैरण घालायची ती एकट्या दूध उत्पादकाने. सगळ्या समाजाची श्रद्धा, आणि तिचा खर्च एका गोठ्यावर: हा अन्याय आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी सरकारने देशी गाईला राज्यमाता घोषित केले आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दूध न देणाऱ्या जनावराच्या पोषणाचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. तेच जनावर शेतकऱ्याच्या दावणीला असले की तत्त्व का बदलावे, याचे धार्मिक उत्तर मला तरी सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनुदान शेतकऱ्याला न मिळता डेअऱ्यांच्या पदरात पडते. जुलै 2024 मध्ये डेअरीचा दर 30 रुपये आणि अनुदान पाच होते. ऑक्टोबरपासून दर 28 आणि अनुदान सात झाले. शेतकऱ्याची बेरीज 35 रुपयांवरच थांबली आणि वाढलेल्या दोन रुपयांनी डेअरीचा भार हलका केला. आक्षेप खरा आहे, पण त्यातून देणे बुडवण्याची सवलत निघत नाही. फेड चुकीच्या हाती गेली, तर मूळ ऋण तसेच उभे राहते. म्हणून ही फेड दुधाच्या लिटरवर मोजण्याऐवजी कायद्याने सांभाळायला लावलेल्या जनावरावर मोजावी, मग ते देशी असो वा संकरित. कानातला बिल्ला आधीच त्याची मोजणी करतो. त्या नोंदीत चूक निघाली, तर ती सिद्ध करण्याचे ओझे देणेकऱ्यावर, म्हणजे सरकारवर असावे. शेतकऱ्याने त्यासाठी हेलपाटे का घालावेत?