उत्तम ऋतु कोणाचा?

प्रवासाचा बेत करणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो ऋतूचा. रत्नागिरीस केव्हां जावें, असें कोणी विचारलें म्हणजे त्याला ठराविक उत्तर मिळतें: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या काळांत हवा सुखद असते, समुद्र शांत असतो, आणि रत्नदुर्गाच्या तटावरून सूर्यास्त निर्मळ दिसतो. हें उत्तर खोटें नाहीं. वर्षाकाठीं या शहरावर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हां सुखाची इच्छा करणाऱ्यानें हे महिने टाळावे, त्यांच्या आधींचा उकाडाहि टाळावा, हा हिशेब उघड आहे. इतक्या साध्या प्रश्नांत नीतिशास्त्रानें तोंड घालण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. कारण आहे, आणि तें ‘उत्तम’ या शब्दांतच दडलेलें आहे.

‘उत्तम’ हा शब्द चतुर्थीची अपेक्षा करणारा आहे. औषध उत्तम म्हटलें कीं कोणत्या रोग्यास, असें विचारावें लागतें. जमीन उत्तम म्हटली कीं कोणत्या पिकास, असें विचारावें लागतें. ‘चांगलें’ हा शब्द अनेक अर्थांनीं वापरला जातो, हें ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणसमूहांत दाखवून ठेविलें आहे. ऋतूविषयीं बोलतांना मात्र आपण ही चतुर्थी सहज गिळून टाकतों. ‘रत्नागिरीचा उत्तम ऋतु’ याचा खरा अर्थ ‘रत्नागिरीस येणाऱ्याला उत्तम असा ऋतु’ इतकाच असतो. जणूं कांहीं शहर आपली वाट पाहत नटून बसलें आहे, आणि आपण परतलों कीं तेथें पडदा पडतो! परंतु शहराला स्वतःचें वर्ष असतें.

तें वर्ष पाहुण्याच्या वर्षाहून किती निराळें आहे पाहा. ज्या थंडीनें पाहुणा प्रसन्न होतो, त्याच थंडीकडे हापूसचा बागाईतदार काळजीनें पाहत असतो; कलमांना मोहोर येणें न येणें तिच्यावर अवलंबून, आणि मोहोर आल्यावर अवेळीं ढग आले किंवा एखादी सर आली तर वर्षाचें उत्पन्न हातचें जातें. पुढें जूनमध्यें समुद्र बंद होतो. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर येऊन आदळतो, लाटा चढतात, आणि पुष्कळ जातींच्या माशांच्या विणीचाहि हाच काळ असतो. म्हणून पूर्वीं रूढीनें आणि १९८१ च्या कायद्यानंतर सरकारी आज्ञेनें नौका किनाऱ्यास लागतात. अलीकडच्या वर्षांत यांत्रिक नौकांवरील ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. मिरकरवाडा बंदरांत नौका दाटीनें उभ्या राहतात, जाळीं दुरुस्त होतात, आणि कित्येक घरांत येणारा पैसा थांबतो. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिला जातो, त्यांत भक्ति आहेच. परंतु उपासमारीचे दिवस सरल्याचा निःश्वासहि आहे. त्या घरांना ‘उत्तम ऋतु’ विचारला, तर तीं थंडीचें नांव घेण्यापूर्वीं ज्या दिवशीं नौका पुन्हां पाण्यांत लोटली जाते, त्या दिवसाचें नांव घेतील.

आतां मे महिना घ्या. शाळांना सुट्टी असते, आंबा पिकलेला असतो. म्हणून थंडीचा मुहूर्त साधूं न शकणारे सर्व पाहुणे याच महिन्यांत येतात. परंतु कोकणांत हाच महिना पाण्याच्या टंचाईचा. ज्या जिल्ह्यांत पावसाळ्यांत छत्री मिटण्याची सोय नाहीं, त्याच जिल्ह्यांतील अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्यें टँकरनें पाणी पुरवावें लागतें. जांभा दगड सच्छिद्र, त्यांत पाणी टिकत नाहीं. सह्याद्रि व समुद्र यांमधील पट्टी अरुंद आणि उतरती, नद्या आखूड. पडलेलें पाणी पाहतां पाहतां खाडीला मिळतें. खुद्द शहरांतहि कांहीं उन्हाळ्यांत नळाचें पाणी दिवसाआड सोडावें लागलें आहे. अशा दिवसांत डोक्यावर हंडा घेऊन उतारावरच्या विहिरीकडे चाललेली बाई, आणि समुद्रस्नानानंतर अंगावरचें मीठ धुण्यासाठीं गोड्या पाण्याच्या धारेखालीं स्वस्थपणें उभा राहिलेला पाहुणा, या दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे काय? माझ्या मतें ऋतूच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे.

संबंध आहे तो फायद्याचा, असें कोणी म्हणेल. पाहुणा पैसे देतो. त्यावर खानावळवाली जगते, रिक्षावाला जगतो, आंब्याच्या पेट्या दारांतच खपतात. हा आक्षेप हलका नाहीं. ज्या जिल्ह्यानें कित्येक पिढ्या आपले तरुण मुंबईच्या गिरण्यांत पाठविले, त्याला घराजवळ मिळणारी कमाई तुच्छ लेखावयास सांगणें हा पोट भरलेल्याचा उपदेश होईल. परंतु पैशाच्या सामर्थ्यालाहि मर्यादा आहे. पैशानें खोल्या वाढतात, वाढपी मिळतात, मोटारी धांवतात. मे महिन्यांत विहिरीचें पाणी मात्र त्यानें वाढत नाहीं. टंचाईच्या दिवसांत पैसा पाणी निर्माण करीत नाहीं, तो तें एका दारावरून उचलून दुसऱ्या दारीं नेतो. मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये, असा कांटचा दंडक आहे. यजमानाच्या धंद्याचा आपण उपयोग करून घेतों यांत गैर कांहींच नाहीं; सगळा भर ‘केवळ’ या शब्दावर आहे. ज्याच्या घरीं आपण उतरलों त्याच्या विहिरीचा तळ दिसत आहे, हें ज्याला ठाऊकहि होत नाहीं, त्यानें यजमानाला केवळ साधनच केलें, मग त्यानें बिल कितीहि उदारपणें चुकविलेलें असो.

याच्या अगदीं उलट एक रसिक वर्ग आहे. त्याला थंडीतलें गुळगुळीत कोकण नको असतें. त्याला आषाढांतला उसळलेला दर्या हवा असतो, आणि तेंच खरें कोकण असें तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण त्याच कांटनें उदात्ताची मीमांसा करतांना एक अट सांगितली आहे: भयंकर दृश्य उदात्त वाटावयास पाहणारा स्वतः सुरक्षित असावा लागतो. वादळांतील समुद्र हें खिडकींतून पाहणाऱ्यास काव्य आहे. ज्याचीं कौलें उडालीं त्याला तें काव्य नव्हे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं, आणि किनाऱ्यावरच्या घराघरांत त्या पावसाळ्याची आठवण कितीतरी वर्षें राहिली. आजहि पावसाळ्यांत कोकण रेल्वे आपल्या गाड्यांचा वेग कमी करते व निराळें वेळापत्रक चालविते. जेथें रेल्वे जपून चालते, तेथें लाटेच्या तोंडाशीं खडकावर जाऊन उभा राहणारा रसिक स्वतःबरोबरच, त्याला वांचविण्यासाठीं उडी घालणाऱ्या परक्या माणसाचाहि जीव पणाला लावीत असतो. दुसऱ्याचें संकट पाहण्यासाठीं केलेला प्रवास हा दुसऱ्याचें पाणी वापरणाऱ्या प्रवासाहून श्रेष्ठ कसा म्हणावा?

आपल्याकडे प्रवासाचा काळ ठरविण्याची एक जुनी रीति होती, आणि ती विचार करण्याजोगी आहे. विनयपिटकांत अशी कथा आहे कीं, पावसाळ्यांत फिरणारे भिक्षु हिरवें गवत तुडवितात व लहान जीव मारतात अशी लोकांनीं कुरकुर केली, तेव्हां बुद्धानें वर्षावासाचा नियम घातला. जैन साधु व संन्यासी यांचा चातुर्मासहि याच जातीचा. येथें प्रवासी स्वतःस किती कष्ट होतील हें पाहत नाहीं. आपल्या पायाखालीं काय येईल हें पाहतो. गणपतीला गांवीं जाणारा चाकरमानी तर ऋतु निवडीतच नाहीं. भाद्रपदांतल्या चिखलांत, खचाखच भरलेल्या गाडींतून तो जातो, कारण बोलावणें घरचें असतें. शहराशीं ज्याचें नातें आहे तो तिथि पाहतो. ज्याचें नाहीं तो हवामान पाहतो.

आणि ज्याला निवडच नव्हती असाहि एक मनुष्य या शहरानें पाहिला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ सालीं येथें आणला गेला व १९१६ सालीं येथेंच मरण पावला. त्या तीस वर्षांत रत्नागिरीचा एकहि ऋतु त्याला चुकवितां आला नाहीं. १९१० मध्यें पुऱ्या झालेल्या त्याच्या वाड्याच्या सज्जांतून आज पाहुणे आनंदानें खाडी पाहतात. ऋतु निवडतां येणें ही मोकळ्या माणसाची चैन आहे, याची जाणीव त्या सज्जांत तरी व्हावयास हरकत नाहीं. आणि जें आपण मोकळेपणानें निवडतों त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

यावरून कोणीं रत्नागिरीस जाऊंच नये असा अर्थ काढूं नये. दार बंद करून कोणाचेंच कल्याण होत नाहीं. म्हणणें एवढेंच कीं, ‘मला केव्हां सुख होईल?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘त्या वेळीं तें शहर कशांत गुंतलेलें असेल, आणि माझ्या येण्यानें त्याच्याजवळचें काय कमी होईल?’ हाहि प्रश्न विचारावा. दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आलें तर उत्तमच. थंडीचे महिने बहुधा या कसोटीस उतरतात. मे महिन्यांत जाणें भागच असेल, तर दोन बादल्यांऐवजीं एका बादलींत भागवावें. परंतु माझें मत कोणीं विचारलेंच तर मी ऑक्टोबर म्हणेन. त्या महिन्यांत उकाडा होतो, अंगाला घाम सुटतो, आणि प्रवासाचीं पुस्तकें त्याची फारशी शिफारस करीत नाहींत. पण विहिरी भरलेल्या असतात, भात कापणीला आलेलें असतें, नौका दर्यावर गेलेल्या असतात, आणि बाजारांत ताजी मासळी असते. पाहुण्याला थोडा घाम यावा आणि यजमानाच्या घरीं पाणी असावें, हा सौदा मला न्यायाचा वाटतो.