लोखंडी भीम

शेतातले बुजगावणे पाखरांशी खोटे बोलते काय, असे कोणी विचारले तर आपण हसून सोडून देऊ. परंतु तेच बुजगावणे लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून लढाऊ विमानाच्या आकाराचे केलेले असले आणि त्यावर विसंबून शत्रूने खरे बाँब रिते केले, म्हणजे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनच्या हवाई खात्याने ही तजवीज कर्नल जॉन टर्नर या निवृत्त अधिकाऱ्याकडे सोपविली, आणि त्याने शेपर्टन येथील चित्रपटांच्या स्टुडिओतील कारागिरांकडून अशी विमाने करवून घेतली. ती माळावर नुसती मांडून भागत नसे; दिवसचे दिवस एकाच जागी उभे असलेले विमान वरून छायाचित्रे घेणाऱ्याच्या नजरेत भरणार, म्हणून एक लहानशी तुकडी तेथे मुक्कामाला राहून ती विमाने इकडची तिकडे ढकलीत असे. अशा लाकडी विमानतळावर शत्रूने येऊन एक लाकडी बाँब टाकला, अशी गोष्ट मोठ्या चवीने सांगतात; ती बहुधा दंतकथाच असावी.

संत ऑगस्टीनने असत्याची मीमांसा करताना ते शब्दांपुरते ठेवले नाही. मनात एक धरून शब्दाने वा अन्य कोणत्याही खुणेने दुसरेच दर्शविणे म्हणजे असत्य, असे त्याने मानले, आणि त्या न्यायाने टर्नरचे मुके विमानही खोटे बोलणारेच ठरते. पुढे टॉमस अक्वायनसने युद्धात आपला बेत शत्रूपासून लपवून ठेवण्याची मुभा दिली, पण खोटे बोलण्याची वा दिलेले वचन मोडण्याची दिली नाही. मात्र लाकडी विमान काही लपवीत नाही, ते नसलेले दाखविते. म्हणून ही मुभा त्याच्या वाट्याला सुखासुखी येईल असे मला वाटत नाही.

आपल्या भाषेने मात्र या गुंत्यातली गाठ फार पूर्वीच हेरलेली दिसते. कावा आणि दगा हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरीत नाही. गनिमी काव्याचा अभिमान धरणारा माणूसही दगाबाज म्हणविले जाणे सहन करणार नाही. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारनाम्याच्या ३७ व्या कलमात हाच भेद कायद्याच्या भाषेत आहे: खोटी सामग्री मांडणे, छद्मावरण, लटक्या हालचाली ही सारी हिकमत म्हणून क्षम्य, परंतु शरणागतीचे निशाण दाखवून जवळ आलेल्यास मारणे निषिद्ध. पहिल्या प्रकारात शत्रूचे वैरच त्याला फसविते, कारण मारण्यासाठी आलेला नसता तर त्या विमानाने त्याचे काही बिघडविले नसते. दुसऱ्यात त्याचा विश्वास त्याचा घात करतो.

महाभारतात या दोहोंची उदाहरणे आहेत. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून भीमाने आरोळी ठोकली तेव्हा द्रोणाला ते पटेना, आणि त्याने विचारले ते युधिष्ठिराला, कारण हा असत्य बोलणार नाही अशी त्याची खातरी होती. भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या उत्तरानंतर खाली टेकला. मरण पावलेल्या हत्तीचे नाव खरे होते, हे त्याच्या उपयोगी पडले नाही. उलट, युद्ध संपल्यावर धृतराष्ट्राने आलिंगनासाठी बाहू पसरले तेव्हा कृष्णाने खऱ्या भीमाला बाजूस सारून लोखंडी भीम पुढे केला, आणि या फसवणुकीबद्दल कोणाचा रथ खाली आल्याचे व्यासांनी लिहिले नाही.

येथेच थांबता आले असते, तर मी सुखाने थांबलो असतो. पण १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोव्हेंट्री जळाल्यावर टर्नरच्या खात्याने ‘स्टारफिश’ नावाच्या खोट्या आगी पेटविण्याची व्यवस्था केली. शहरापासून काही मैलांवर तेल तापवून त्यावर पाण्याचा लोट सोडला की ज्वाळांचा डोंब उसळे, आणि वरून येणाऱ्यास जळणारे शहर तेच वाटे. एप्रिल १९४१ मध्ये पोर्ट्समथवर निघालेल्या विमानांचे पुष्कळसे बाँब अशा रीतीने हेलिंग बेटाकडे वळले. आणि त्या बेटावरही घरे होती, माणसे राहत होती. शत्रूशी कावा झाला हे खरे, पण बेटावर निजलेल्या त्या माणसांशी काय झाले? आपल्यावरील संकट त्यांच्याकडे वळविताना त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारावे तर कावा उघडा पडणार. कावा आणि दगा या दोन शब्दांत हे बसत नाही, आणि तिसरा शब्द मला सापडलेला नाही. कृष्णाने पुढे केलेल्या लोखंडी भीमाच्या आसपास निदान कोणाचे अंथरूण नव्हते.

त्या प्रतिमेचा चुरा करताना धृतराष्ट्राची छाती फुटली, तोंडातून रक्त आले, संजयाने त्याला सावरले. आणि क्रोध ओसरताच, आपण खऱ्या भीमालाच मारले या समजुतीने, तो आंधळा म्हातारा भीमाचे नाव घेऊन रडू लागला. तेव्हा कुठे कृष्णाने त्याला खरे काय ते सांगितले. हेलिंगवर बाँब टाकणाऱ्या वैमानिकाला त्या रात्री कोणी काही सांगितले नाही. खाली आग पाहून तो समाधानाने परत फिरला असेल.