साक्ष कुणाची धरायची?

श्रावणात आमच्या तालुक्यात येणारे पाहुणे घोडेगाव मागे टाकतात, डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं, गाडीच्या काचा खाली होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "देवाची काय करणी आहे बघा!" मी त्यांना नावं ठेवत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात मी नर्स म्हणून नोकरी केली, लसींचा डबा खांद्याला लावून भीमाशंकरच्या अंगाच्या वाड्या पायी फिरले, आणि माझेही हात तिथे आपसूक जोडले गेलेले आहेत. पावसाळ्यात त्या रानात रात्री कुजलेलं लाकूड हिरवट उजळतं. एका बाळंतिणीकडे निघालो होतो तेव्हा सोबतच्या आशाताईने मला बॅटरी विझवायला लावली आणि ते दाखवलं. "देवाचा उजेड," म्हणाली. तो बुरशीचा आहे हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. वनखात्याच्या लोकांनी सांगितलं होतं. तरी तिने शब्द बदलला नव्हता, आणि मलाही तो बदलावासा वाटला नाही.

पण त्याच रस्त्याने मी माळीणलाही गेले आहे.

३० जुलै २०१४, बुधवार. श्रावणातला पहिला सोमवार होऊन दोनच दिवस झाले होते, भीमाशंकरला गर्दी होऊन गेली होती. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि चाळीसहून अधिक घरं चिखलाखाली गेली. दीडशेच्या वर माणसं मेली. आधी कुणाला पत्ताच नव्हता. एसटीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तर जिथे गाव दिसायचं तिथे गाव नव्हतं. आम्हा आरोग्य खात्याच्या लोकांना बोलावणं आलं. पाऊस थांबत नव्हता, जेसीबी रुतत होते, तोंडाला मास्क, हाताला ब्लिचिंग पावडरचा वास. आदल्या आठवड्यात ज्या मुलांना डोस पाजले त्यांची नावं माझ्या रजिस्टरला होती. त्याबद्दल यापुढे लिहीत नाही.

कारणं नंतर पुष्कळ सांगितली गेली. आमचा सह्याद्री बेसाल्टचा आहे. वरचा थर हजारो वर्षांच्या उन्हापावसाने झिजून मुरमाड, मऊ झालेला असतो. उभ्या उतारावर त्यात सलग पाणी मुरलं की वजन वाढतं, पकड सुटते. यंत्रांनी उतार फोडून भातखाचरं केली त्याचाही हात आहे, असं काहींनी म्हटलं, काहींनी ते खोडून काढलं. एवढं खरं की ज्या पावसाला आम्ही देवाची कृपा म्हणतो, तोच पाऊस त्या दिवशीही पडत होता. दुसरा कुठून आला नव्हता.

त्या ढिगाऱ्यातून एक तान्हं बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. टीव्हीवर तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि घरोघरी लोक म्हणत होते, देव तारी त्याला कोण मारी. मी ते ऐकलं तेव्हा मंचरच्या एका दुकानात उभी होते. मनात म्हटलं, हे वाक्य त्या बाळाच्या आईने म्हणावं. तिला तो पूर्ण अधिकार आहे. पण आपण दुकानात उभं राहून म्हटलं की त्याचा दुसरा अर्धा भागही आपण म्हटला, की बाकीच्या दीडशेंना देवाला तारायचं नव्हतं. ते तिथे जाऊन कुठल्या बापासमोर म्हणणार?

सप्ताहात पारायणाला बसले की हे मला गीतेच्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायाच्या मध्ये नेमकं आठवतं. दहाव्यात भगवंत सांगतात, मी स्थावरांत हिमालय, झाडांत पिंपळ, प्रवाहांत गंगा. ऐकायला गोड वाटतं, कीर्तनकारही तिथे रमतात. अर्जुन मात्र पुढे जाऊन म्हणतो, आता तुझं सगळं रूप दाखव. आणि अकराव्यात ते दिसतं तेव्हा त्यात जबडे असतात, त्यात माणसं शिरत असतात, दातांत अडकत असतात. अर्जुनाची बोबडी वळते. तो हात जोडून विनवतो की पुरे, मला आपलं ओळखीचं रूप दाखव. मला वाटतं, गाडीची काच खाली करणारा माणूस दहाव्या अध्यायाशीच थांबलेला असतो. तेवढं त्याला पुरतं, कारण संध्याकाळी तो घरी परत जाणार असतो. आवणीच्या दिवसांत ढोपरभर चिखलात वाकलेली बाई त्याच पावसाला देव म्हणते, तेव्हा तिला अकरावा अध्यायही माहीत असतो.

तुकोबांचंही तसंच. भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडाझुडपांत बसलेले तुकोबा आपण चित्रांत बघतो. पण १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली बायको भुकेने गेली, हे चित्रात नसतं. म्हणजे झाडांना ज्याने सोयरे मानलं, त्याने त्याच निसर्गाच्या हातून घरात मरण बघितलं होतं. आधी बघितलं आणि नंतर मानलं. म्हणून त्याचं मानणं मला खरं वाटतं.

तर माझं म्हणणं असं आहे की देवाच्या शक्तीची साक्ष बघ्यांनी देऊ नये. ती ज्याच्या अंगावरून गेली त्याने द्यावी. आणि हे डोंगर-पावसाला जितकं लागू आहे, तितकंच माणसं बदलतात त्यालाही. किंबहुना तिथे जास्तच, कारण तिथे बघे फार आणि साक्ष देणारी एखाद-दुसरीच, तीही बहुधा माजघरात.

माझे दीर दारू प्यायचे. आमचं सासर मंचरच्या खालच्या अंगाला, कांदा-बटाट्याचं गाव. भाऊजी माल घेऊन मार्केटला जायचे, पट्टी व्हायची, आणि दोन दिवसांनी घरी यायचे ते पट्टीचा कागद घेऊन, पैसे नसायचे. जाऊबाईंच्या अंगावर शेवटी नुसत्या काळ्या मण्यांची पोत राहिली होती. मोटरसायकलचा आवाज आला की पोरं बोलायची बंद व्हायची. मी नर्स, मला मारलेल्याच्या खुणा ओळखता येतात. नणंदेच्या लग्नातही त्या जाऊबाईंच्या पदराखाली होत्या.

एकदा कुणीतरी देवळात शपथ घालून त्यांना एकदम दारू बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले आणि फिट आली. गाव म्हणालं, देवाचा कोप. मी म्हटलं, रिक्षा बोलवा. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कमी कमी करत न्यायच्या गोळ्या. अंगातली दारू उतरली. डोक्यातली उतरायची होती.

मग आषाढी वारी आली. सासूबाई भाऊजींना म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता चालवत न्हाई, माझ्या जागी तू जा." गावच्या दिंडीत घातलं. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास चालणं. पुण्यातला मुक्काम सगळ्यात अवघड, असं भाऊजी आजही सांगतात, कारण तिथे गल्लीगल्लीत दुकान. दिंडीतल्या विणेकरी बाबांनी त्यांना उपदेश म्हणून केला नाही. रात्री शेजारी पथारी टाकली आणि पहाटे उठवून पाण्याच्या टँकरवर उभं केलं. बायकांचे हंडे भरून द्यायचे, पाइप दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. दिवेघाट, जेजुरी, वाल्हे, नीरा, रोज टँकर. लोक त्यांच्या पाया पडत होते, कारण वारीत सगळेच सगळ्यांच्या पडतात. भाऊजी म्हणतात, "वैनी, माझ्या पाया पडायला कुणी वाकलं की मला वाटायचं, ह्याला सांगावं मी कोण हाय ते." पंढरपुरात फडावर त्यांनी माळ घातली.

ते परत आले तेव्हा गावात मिरवणूक काढायची टूम निघाली होती. जाऊबाईंनी ती हाणून पाडली. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबा.

दिवाळी गेली, पुढची आषाढी गेली, बरीच वर्षं गेली. भाऊजींनी अजून तोंडाला लावलेली नाही. पहिली दोन वर्षं जाऊबाई मार्केटचे पैसे न चुकता मोजून घ्यायच्या, आणि भाऊजी समोर बसून मोजू द्यायचे. माझ्या दृष्टीने वारीपेक्षा हे मोठं. ज्या हाताने मारलं होतं तो हात मांडीवर ठेवून, बायको आपल्यावर विश्वास ठेवत नाही हे बघत शांत बसायचं. कडा सुटतो त्याला मी ताकद म्हणते, पण तिला काही करू नये असं वाटत नाही. करता येत असून न करणं, हे मला निसर्गात कुठे दिसलेलं नाही. ते मला त्या ओसरीवर दिसलं, आणि माझ्या मनात देवाची शक्ती हे शब्द तेव्हा आले.

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर मला हसले. म्हणाले, "सिस्टर, यात देव कुठे आला? दारूच्या अड्ड्यापासून तीन आठवडे लांब, नियमित झोप, अंगमेहनत, नवे सोबती, एक जबाबदारी. आम्हीही हेच करतो." खरंच आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथेही दिनक्रम आहे, सोबत आहे, एकमेकांना आधार आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसवाले १९३५ पासून सांगत आले आहेत की आधी कबूल कर, हे माझ्या एकट्याच्या ताकदीबाहेरचं आहे. मग तुला उमगेल त्या देवावर भार टाक. भाऊजींनी यातलं काही वाचलेलं नाही, पण विचारलं तर पहिलं वाक्य हेच बोलतात. कशाने झालं ते कळलं म्हणून झालेलं कमी होत नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग आमच्या घाटमाथ्याला अडतात म्हणून पाऊस पडतो, हे मीच शाळेतल्या पोरांना आरोग्य तपासणीच्या वेळी सांगायचे. पाऊस त्यामुळे कोरडा झाला नाही.

डॉक्टरांच्या बोलण्यात मला बोचतं ते वेगळंच. भाऊजींचा जोडीदार, त्यांच्याच बरोबरीने पिणारा, तोही त्या वर्षी त्याच दिंडीत होता. त्याच टँकरवर, त्याच विणेकरी बाबांच्या दुसऱ्या अंगाला. त्यानेही माळ घातली. कोजागरीला ती खुंटीवर होती. पुढे त्याच्या पोटात पाणी झालं, मी स्वतः त्याला तालुक्याला नेलं, तो गेला. त्याची बायको दर एकादशीला उपास करते, अजूनही. आता देवाने एकाला धरलं आणि एकाला सोडलं, असं मी म्हणू का? डॉक्टरांच्या कारणांनीही हा फरक सुटत नाही आणि कीर्तनाने तर नाहीच. मी भाऊजींच्या बाबतीत देवाने केलं म्हणते, आणि त्या जोडीदाराच्या बाबतीत देवाने केलं नाही असं म्हणत नाही. तर्काला हे धरून नाही, मला कळतं. पण मंचरच्या दुकानातल्या वाक्यासारखंच ते आहे. उरलेलं अर्धं वाक्य उच्चारायचा अधिकार मला नाही.

खोट्या माळाही पुष्कळ बघितल्या. निवडणुकीपुरती माळ असते, सोयरिकीपुरती असते. आणि एक प्रकार असा, की दारू खरंच सुटते पण जाच सुटत नाही. पूर्वी पिऊन ओरडायचा, आता सोवळ्यावरून ओरडतो. सुनेने कांदा चिरला म्हणून ताट भिरकावतो. गाव त्याला बुवा म्हणतं, हार घालतं. घरात जाऊन विचाराल तर काहीच बदललेलं नसतं. आपल्या परंपरेत घरच्या बाईला विचारायची रीत नाही, हे वाईटच. तुकोबांच्या दुसऱ्या बायकोला, जिजाईला, कीर्तनात कजाग म्हणून हशा पिकवतात. भाकरी बांधून डोंगर चढून नवऱ्याला शोधत जाणारी बाई ती. तुकोबा कसे बदलले, हे तिच्याइतकं जवळून कुणी बघितलं असेल?

मी जाऊबाईंना एकदा सरळ विचारलं, "भाऊजींना देवानं बदललं असं तुम्हाला वाटतं?" त्या चुलीपुढे होत्या. म्हणाल्या, "देवानंच. दुसरं कोण करणार? पण त्यांना पहाटंला उठवून कामाला मी लावलं, ते बी लिवा कुठं लिवायचं आसंल तर." म्हणून लिहिलं. भाऊजी अजूनही तापट आहेत, चहाचा कप स्वतः उचलून ठेवत नाहीत, आणि राजकारणावर बोलायला लागले की ऐकवत नाही. पण मोटरसायकलचा आवाज आला तरी घरात बोलणं चालू राहतं.

माळीणच्या वरून वाहणारं पाणी बुब्रा नदीतून डिंभ्यात येतं, घोड नदीतून भीमेला मिळतं, उजनीतून पुढे पंढरपूरला जातं. तिथे त्याला चंद्रभागा म्हणतात. भाऊजी दर कार्तिकीला त्यात उतरतात. त्या पाण्याबद्दल मला काय वाटतं हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

आषाढ जवळ येतोय. तुमच्या घरात कुणाची दारू सुटत नसेल तर दिंडीत जरूर पाठवा, आमच्या गावच्या दिंडीत पाठवलंत तरी टँकरवर माणूस लागतोच. मात्र रोज पिणाऱ्याला शपथ घालून एका रात्रीत बंद करायला लावू नका. फिट येते, भ्रम होतो, त्यात माणूस दगावतो. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथल्या गोळ्या चिठ्ठीसकट त्याच्या पिशवीत बांधून द्या, आणि विणेकऱ्याला त्याची वेळ सांगून ठेवा. आणि परत आल्यावर हार घालायच्या आधी त्याच्या बायकोला विचारा.