पाच रुपयांची समजूत

एखादा स्थूल, हूड मुलगा वर्गात कोणाला ढकलतो, कोणाची वही फाडतो, आणि त्याच्या देहाचा व वर्तनाचा जाब मात्र त्याच्या आईला विचारला जातो. पहाटेच चार घरची धुणीभांडी करावयास निघालेल्या त्या बाईने दाराशी पदर ओढून रडणाऱ्या लेकराच्या हातावर पाच रुपये ठेवून त्याची समजूत घातली, हाच काय तो तिचा कसूर. ही फिर्याद मला घोर अन्यायाची वाटते. त्या पाच रुपयांत टपरीवर जी खारट, तळलेली पुडी मिळते, तिने बोटांना नारिंगी मसाला लागतो आणि क्षणभर पोट भरल्यासारखे होते. गरम पोळी वाढावयास त्या वेळी घरात कोणी नसते.

मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडील पुनर्वसनाच्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस निराळे सांगावयास नको : २२५ चौरस फुटांच्या खोलीत पाचसहा माणसे, समोरची भिंत इतकी निकट की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि मध्यरात्रीपर्यंत चालू राहणारा टीव्ही. अपुऱ्या झोपेने भूक बळावते, चित्त चिडखोर होते. त्यात 'जाड्या' ही हाक रोज कानी पडली, म्हणजे हात उठतोच.

शिवाय या मेदाचे मूळ सुबत्तेतच असते असेही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास चालविला, त्यात नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून कितीतरी हलकी भरली, स्नायूंनी कृश दिसली, पण चरबी त्यांच्या अंगी त्या मानाने टिकून होती. गर्भारपणी आईच्या वाट्यास आलेली उपासमार मुलाच्या शरीरात अशी मुरते, आणि तिचा जबाबही पुन्हा आईनेच द्यावा, ही कोणती नीती?

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिचरबी, अतिसाखर व अतिमीठ असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे; ज्या अंमलदारांकडे तिची अंमलबजावणी आहे, त्यांना जाब विचारावयास आपल्यापैकी किती जण जातात? शाळा सुटल्यावर कुलूप पडणारी पालिकेच्या शाळांची पटांगणे दिवेलागणीपर्यंत खुली राहावीत, मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या एका व्यायामशिक्षकाच्या वेतनाची तजवीज व्हावी, एवढा अर्ज तरी त्या आईच्या वतीने, ती कामावर असताना, आपण प्रभागाच्या कचेरीत नेऊन द्यावा.