शोकेसमधली किटली



हिंजवडीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी परदेशातून आलेली एखादी तरी वस्तू असतेच. मुलगा, सून किंवा जावई आयटी पार्कमध्ये नोकरीला असतात. कंपनी कधी अमेरिकेला पाठवते, कधी चीनला. परतताना बॅगेतून काहीतरी येते आणि थेट शोकेसमध्ये जाऊन बसते.

आमच्या घरी अशीच एक चहाची किटली आली. चिनी माती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्याशुभ्र कपबशा येतात. ही तशी नाही. जांभळट तपकिरी रंगाची, तळहातावर मावेल एवढी, चकाकी नसलेली. मुलाने ती शांघायहून आणली. आम्हा उभयतांना ती इतकी आवडली की त्याच्या प्रत्येक फेरीत आम्ही आणखी एक मागू लागलो. एकीच्या नऊ झाल्या. शोकेसला कुलूप आले.

या किटल्या चीनच्या जिआंगसू प्रांतातील यीशिंग या गावच्या. तेथील विशिष्ट मातीपासून त्या मिंग राजवटीपासून, म्हणजे सुमारे पाचशे वर्षे घडवल्या जात आहेत. आपला कुंभार चाकावर मडके घडवतो. यीशिंगचा कारागीर परंपरेने चाक वापरत नाही. तो मातीचे पातळ पत्रे लाकडी थापीने ठोकतो, ते वळवून जोडतो आणि तळाशी आपला शिक्का उमटवतो. जाणकार संग्राहक आधी तो शिक्का पाहतात. २०१० साली गू जिंगझोउ (१९१५–१९९६) या थोर कारागिराची एक किटली लिलावात एक कोटी युआनहून अधिक किमतीला गेली.

आमच्या किटल्या अर्थातच तशा मोलाच्या नाहीत. तरी एका सकाळी आम्हाला त्यांचे मोल फार वाटले. माणहून घरकामाला येणाऱ्या मावशी शोकेस पुसत होत्या. एका किटलीचे झाकण निसटले आणि फरशीवर फुटले. आमच्या तोंडून नको तो शब्द गेला. मावशी खाली बसून तुकडे गोळा करू लागल्या. "ताई, पगारातून कापून घ्या," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे बोट कापले होते. ते आम्हाला नंतर दिसले. आधी आम्ही झाकण पाहिले होते.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. सुंदर वस्तू जमवणे हेच मुळात चूक आहे का? सगळे वाटून टाकावे आणि मोकळे व्हावे का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे वाटत नाही. एखाद्याने दिवसेंदिवस खपून घडवलेल्या वस्तूवर प्रेम करणे म्हणजे त्याच्या हातांचा मान राखणे होय. आपल्या पुण्यातच याचे उदाहरण आहे. चष्म्याचा घरचा व्यवसाय असलेले दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, कुलपे अशा, ज्यांना बाजारात कोणी फारसे विचारत नव्हते त्या घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले, आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

कोणी म्हणेल, तेथील दिवेही काचेआडच आहेत, ते कोणी पेटवत नाही. खरे आहे. पण ती काच कोणालाही पाहता यावे म्हणून आहे. आमच्या शोकेसची काच कशासाठी होती? पाहुण्यांनी किटली पाहावी म्हणून की किटलीमुळे आम्हाला पाहावे म्हणून? लूकच्या शुभवर्तमानातील मोठी कोठारे बांधू पाहणारा श्रीमंत माणूस आम्हाला आठवला. पीक भरपूर आले हा त्याचा दोष नव्हता. त्याच्या साऱ्या बेतांत दुसरे एकही माणूस नव्हते, हा दोष होता.

सर्वांना संग्रहालय उभारता येणार नाही. पण वस्तू ज्यासाठी घडली त्यासाठी ती वापरता येते. यीशिंगच्या किटलीला आतून-बाहेरून झिलई नसते. तिची माती चहा थोडा थोडा शोषून घेते, आणि वर्षानुवर्षे वापरून, हात फिरून तिला एक मऊ तकाकी येते. चिनी लोक याला किटली पोसणे म्हणतात. कुलपात ठेवलेली किटली दहा वर्षांनीही भट्टीतून निघाली तशीच कोरी राहते. वापरली तर फुटण्याची भीती आहेच. पण ती भीती पत्करल्याशिवाय तिला तिचे रूप येत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागली. यीशिंगच्या परंपरेत पहिला नामवंत कारागीर म्हणून गोंग छुनचे नाव घेतात. तो एका विद्वानाच्या घरचा नोकर होता. मालक मठात अभ्यासाला गेला असता हा तेथील भिक्षूकडून मातीकाम शिकला, असे सांगतात. किटल्यांच्या इतिहासात त्या मालकाचे नाव येते ते नोकरामुळे!

आम्ही मावशींची माफी मागितली. पगार कापला नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. ती बिनझाकणाची किटली आता स्वयंपाकघरात असते. रविवारी मिस्साहून आलो की तिच्यात चहा होतो, वर झाकण म्हणून स्टीलची वाटी. दूध, आले घालून उकळलेला आपला चहा या किटलीत करत नाहीत, म्हणून नुसता पानांचा फिका चहा करतो. मावशींना पहिल्यांदा दिला तेव्हा एक घोट घेऊन त्या हसल्या. "हा चहा की काढा?" म्हणाल्या. पण कप संपवला.

उरलेल्या आठ किटल्या अजून शोकेसमध्येच आहेत. कुलूप मात्र काढले आहे. त्यांचे काय करायचे, हे आम्हा दोघांचे अजून ठरलेले नाही. बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपणही आपल्या घरातले एखादे कपाट उघडून पाहा. आतली वस्तू उद्या फुटली, तर आपली नजर आधी कोठे जाईल?