आजीचा शिलालेख

साठी ओलांडलेल्या माणसाने फेसबुकवर स्वतःचे फोटो टाकायला सुरुवात केली की आधी घरातलेच नाक मुरडतात. ‘या वयात हे शोभतं का?’ या प्रश्नामागे जुना धर्मविचार असतो: वानप्रस्थाच्या वयात ‘मी’ आवरता घ्यावा. विचार वजनदार आहे. पण धर्माच्या दारात नाव मिरवण्याची हौस मोबाइलबरोबर आली, असे ज्याला वाटते त्याने नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाचे लेणे पाहावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तिथे आपले पुण्य मोजून सांगतो: 3 लाख गाई, 16 गावे, नद्यांवर फुकट होड्या, नारळाची 32,000 झाडे. आणि हे सगळे कुणाच्या भिंतीवर? ‘मी’ नावाची कायमची वस्तूच नाही, असे मानणाऱ्या भिक्खूंच्या! त्यांनी ते खरवडून टाकले नाही.

का टाकले नाही, याचा अंदाज त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखावरून येतो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्खूंची चीवरे आणि किरकोळ खर्च भागायचा. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर झाला, नोंदला गेला. म्हणजे बढाई होती, पण कुणीही विणकराकडे जाऊन पडताळू शकेल अशी. तिथल्याच 3 क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षाचा. मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना ती हात आखडत नाही. त्याची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्यायली म्हणते. स्वतःविषयी मात्र ती काय सांगते? तपाची, संयमाची आवड. आणि महाराजाची माता, महाराजाची आजी ही ओळख. वय लपवणे दूरच, वय हीच तिची पदवी. तिला दिसायचे आहे, आणि म्हातारी म्हणूनच दिसायचे आहे.

माझे म्हणणे एवढेच की धर्माचा आक्षेप दिसण्यावर नाही, काळाला दाराबाहेर ठेवणाऱ्या प्रतिमेवर आहे. सुरकुत्यांसकट टाकलेल्या फोटोचे अनित्यतेशी भांडण नाही. एका बोटाने वीस वर्षे पुसणाऱ्या फिल्टरचे आहे. (चौकातल्या फ्लेक्सवर वर्षानुवर्षे तोच काळ्याभोर केसांचा फोटो लावणाऱ्या ‘युवा नेत्यां’नाही यातून सूट नको.)

यावर कुणी म्हणेल, बलश्रीच्या पाठीशी राजघराणे होते. साध्या बाईचे केस पिकले की तिला कोण विचारतो? पुरुषाचे पांढरे केस अनुभव ठरतात, बाईचे पाहून ‘थकल्या हो’ म्हणतात. फिल्टर ही तिची ढाल आहे. हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरी ही ढाल तिला वाचवते ती ज्या नियमापासून, तो नियम मात्र शाबूत ठेवते. प्रत्येक गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यामागे शेजारचा खरा चेहरा आणखी म्हातारा दिसू लागतो. दोष बघणाऱ्यांचा आहे, पण किंमत तिच्याच वयाच्या बायका मोजतात.

दुसरा आक्षेप गुप्तदानाचा: नाव न सांगता दिलेले श्रेष्ठ, मग शिलालेखांचे कौतुक कशाला? देणाऱ्याच्या मनासाठी ते श्रेष्ठ असेलही. पण उषवदात गप्प राहिला असता, तर एखाद्या वर्षी विणकरांनी हात वर केल्यावर भिक्खूंनी कशाकडे बोट दाखवले असते? कोरलेले नाव घेणाऱ्याच्या बाजूने साक्ष देत होते. आजच्या बहुतेक आत्मजाहिरातीत हा तिसरा माणूस, म्हणजे घेणारा, नसतोच. दाखवणारा असतो आणि बघणारे असतात. तो असेल, म्हणजे निवृत्त शिक्षिका आपल्या फोटोखाली शनिवारी मोफत गणित शिकवण्याची वेळ आणि पत्ता लिहीत असेल, तर तिने रोज फोटो टाकावा.